काला मोतिया आणि पिकण्याची वाट : काचबिंदूचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी इंदूरमधल्या एका नेत्र रुग्णालयात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टरांच्या आधी रुग्णाची नजर, चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचं प्रेशर मी तपासते. ज्यांची नजर चष्म्याने किंवा ऑपरेशनने पूर्ण परत येणार नाही, त्यांच्यासोबतचं पुढचं कामही माझ्याकडेच असतं. हे प्रकरण ज्या काकूंचं आहे त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. जे चुकलं ते मात्र जसं चुकलं तसंच लिहिते आहे, कारण त्यातला मोठा वाटा माझा होता.

काकू तेव्हा ६४ वर्षांच्या होत्या. रामबागेच्या बाजूला जुनं घर, घरात मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. काकू घरून फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या. मेतकूट, भाजणी, डांगर वर्षभर, आणि दिवाळीला चकली, अनारसे, चिरोटे. राजेंद्रनगर, लोकमान्यनगरपासून मराठी घरं त्यांच्याकडे यायची, आणि त्यांच्या भाजणीची चटक लागलेले माळवी शेजारीही.

वडील देवासचे. शेवटची सहा-सात वर्षं ते भिंत धरून चालत. ‘म्हातारपणी दिसेनासं होतंच’ म्हणून कोणी आजाराचं नाव विचारलं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

घरातल्यांना काय दिसत होतं

दोन-अडीच वर्षं काकूंचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची. खाली पडलेली वाटी सापडायची नाही. नात तक्रार करायची, ‘आजी मला धडकते.’ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या बाईला कुंकू लावून त्या वळल्या आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला न बघता पुढे गेल्या. त्या मैत्रिणीने ते मनाला लावून घेतलं. ‘ऑर्डरी वाढल्यापासून ओळख दाखवत नाहीत’ असं चार घरी बोलणं झालं. घरात या सगळ्याला एकच शब्द होता : वेंधळेपणा.

आणि याच काळात काकू तांदूळ निवडत होत्या, बारीकसा खडा अचूक काढत होत्या, चष्मा लावून पेपर वाचत होत्या. म्हणून डोळ्यांवर कोणाचा संशय गेला नाही.

काचबिंदूचा सगळ्यात सामान्य प्रकार असाच फसवतो. डोळ्याच्या आतलं पाणी पुरेसं निचरत नाही, दाब वाढतो आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजर जाते ती आधी कडेची. मधली, म्हणजे वाचायची आणि खडे निवडायची नजर शेवटपर्यंत टिकते. जो भाग गेला तिथे काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून ती जागा भरून टाकतो, त्यामुळे आपल्याला काही कमी दिसतंय हे माणसाला स्वतःलाच उमगत नाही. चौकट काकूंना काळी किंवा धूसर दिसत नव्हती. ती त्यांच्यापुरती तिथे नव्हतीच.

या अडीच वर्षांत त्यांनी तीन चष्मे केले, तिन्ही चष्म्याच्या दुकानातून. प्रत्येक वेळी कॉम्प्युटरवर नंबर निघाला, डाव्या डोळ्याने तक्त्याची जवळजवळ शेवटची ओळ वाचून झाली आणि ‘नजर चांगली आहे’ असं सांगितलं गेलं. तक्त्यापुरतं ते खरंच होतं.

पहिली भेट

तिसऱ्या चष्म्यानेही उजवीकडे धूसर दिसायला लागलं तेव्हा मुलगा त्यांना आमच्याकडे घेऊन आला. उजव्या डोळ्याची नजर ६/१८, डाव्याची ६/९ (तक्त्यावर ६/६ म्हणजे पूर्ण नजर). प्रेशर उजवीकडे ३४, डावीकडे २८. साधारणपणे ते १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतं. डॉक्टरांनी नस पाहिली, तिचा फोटो काढून ठेवला आणि निदान केलं. दिवसातून दोनदा घालायचं टिमोलॉलचं ड्रॉप लिहून दिलं. फील्ड टेस्टसाठी, म्हणजे कडेची नजर किती उरली ते मोजायला, पुढच्या आठवड्यात आणि प्रेशर बघायला महिन्याने बोलावलं.

समजावून सांगायचं काम माझं होतं. त्या दिवशी ओपीडीत खूप गर्दी होती. मुलगा माझ्याशी हिंदीत बोलला, मी हिंदीत उत्तर दिलं. इंदूरमध्ये दोन मराठी माणसं पाच-दहा मिनिटं हिंदीत बोलतात आणि मग कोणाच्या तरी आडनावावरून उलगडा होतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या दिवशी उलगडा झाला नाही. मी म्हटलं, ‘माताजी को काला मोतिया है. दवा बंद नहीं करनी है, और टाइम पे दिखाना है.’ औषधाआधी विचारायचा प्रश्नही विचारला, ‘कोई बीमारी? शुगर, बीपी, दमा?’ काकू म्हणाल्या, ‘नहीं.’ मी कागदावर खूण केली आणि पुढचा नंबर पुकारला.

मुलाने मान हलवली होती. मला वाटलं, समजलं.

मधले अकरा महिने

ते फील्ड टेस्टला आले नाहीत, महिन्यानेही आले नाहीत. आमच्याकडून कोणी फोन केला नाही, कारण न आलेल्या रुग्णांची यादी करायची आमच्याकडे तेव्हा पद्धतच नव्हती.

घरी काय झालं ते नंतर काकूंनी आणि सुनेने मिळून सांगितलं. ‘काला मोतिया’ हे शब्द घेऊन मुलगा घरी आला. मोतिया म्हणजे मोतीबिंदू, हे मराठी घरात कोणालाही कळतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘मोती काळा आहे म्हणजे अजून कच्चा आहे. पिकू दे, मग एकदाच ऑपरेशन करून टाका.’ त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांचं तसंच झालं होतं, आणि त्यांना आता छान दिसत होतं. सगळ्यांना हे पटलं. ड्रॉप म्हणजे तोपर्यंतची तात्पुरती सोय, अशी समजूत झाली.

हिंदीत मोतीबिंदूला मोतियाबिंद किंवा सफेद मोतिया म्हणतात आणि काचबिंदूला काला मोतिया. दोघांचं नाव जुळं, आजार मात्र पूर्ण वेगळे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की नजर परत येते. काचबिंदूत नस जाते. जेवढी गेली तेवढी कोणत्याही औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही; उरलेली वाचवणं एवढंच हातात असतं. एकात थोडं थांबलं तर बहुतेक वेळा फार बिघडत नाही, दुसऱ्यात थांबलेला प्रत्येक महिना नजरेतून वजा होतो. (आता तर मोतीबिंदूही पिकू द्यावा लागत नाही. फार कडक झाला तर ऑपरेशन उलट अवघड जातं.)

ड्रॉप तरी चालू राहिलं असतं तर नुकसान कमी झालं असतं. तेही तीन आठवड्यांत बंद पडलं. ड्रॉप सुरू केल्यापासून काकूंना रात्री छाती भरल्यासारखी वाटायची, उठून बसावं लागायचं. त्यांनी स्वतःच ते थांबवलं, आणि चार दिवसांत बरं वाटलं. कोणाला सांगितलं नाही. सारखं काय डॉक्टरकडे न्यायला लावायचं मुलाला, म्हणून.

काकूंना दमा होता. थंडीत पंप घ्यायच्या. मी ‘दमा’ म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या आत्याचा दमा आला, अंथरुणाला खिळलेला. आपल्याला तर ‘नुसती धाप लागते’. टिमोलॉल डोळ्यात घातलं तरी अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून रक्तात जातं. त्याने श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात, म्हणून दम्याच्या माणसाला ते देत नाहीत. माझ्या कागदावरच्या एका खुणेमुळे ते दिलं गेलं. श्वासाचं यापेक्षा वाईट काही झालं नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

दुसरी भेट

त्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी काकू चकल्या तळत होत्या. डावीकडच्या डब्यातून सोऱ्यात पीठ भरायला वळल्या आणि कोपर कढईच्या कानाला लागलं. कढई पूर्ण उलटली नाही, पण तेल मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं. भाजलेल्या हाताच्या ड्रेसिंगला गेल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, ‘कढई दिसली नाही का?’ काकू म्हणाल्या, ‘नाही दिसली.’ हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

दिवाळी झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. डाव्या डोळ्याची नजर अजूनही ६/९. उजव्या डोळ्याला आता फक्त समोर हललेला हात कळत होता. प्रेशर ३८ आणि ३०. फील्ड टेस्ट केली : एका जागी बघत राहायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. निरोगी माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं सुमारे १८० अंश दिसतं. काकूंच्या डाव्या डोळ्याला मध्याच्या चहूबाजूंनी जेमतेम दहा-बारा अंश उरले होते. बाकी कागद काळा.

यावेळी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवताना त्या ‘अगं बाई’ म्हणाल्या, आणि मी मराठीत बोलले. पुढच्या पाऊण तासात वर लिहिलेलं सगळं बाहेर आलं. मी त्यांना सांगितलं की पहिल्या भेटीत मीच होते. त्यांना मी आठवत नव्हते.

पर्याय

घरच्यांची पहिली मागणी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची होती. त्या डोळ्यात थोडा मोतीबिंदूही होता, आणि इतके दिवस वाट पाहिली ती त्यासाठीच. भिंग बदललं तरी मागची नसच चित्र पुढे नेत नाहीये, त्यामुळे दिसणार नाही, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मग मुलाने विचारलं, ‘माझा एक डोळा देता येईल का आईला?’ तो अगदी गंभीरपणे विचारत होता. नेत्रदानातून मिळतो तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, आणि तोही मृत्यूनंतर. नस जोडता येत नाही. हे सांगितल्यावर तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

डाव्या डोळ्यासाठी दोन मार्ग होते. पहिला, दम्याला चालतील अशी ड्रॉप्स : रात्री एकदा लॅटॅनोप्रोस्ट आणि दिवसातून दोनदा दुसरं. दुसरा मार्ग म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमी, डोळ्याच्या पांढऱ्या भागात वरच्या पापणीखाली पाण्याला नवी वाट करून देणारं ऑपरेशन. पहिल्यात चिरफाड नाही, पण औषध आयुष्यभर, रोज, न चुकता. दुसऱ्यात दाब जास्त खाली येतो. पण जंतुसंसर्गाचा धोका असतो, दाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो, मोतीबिंदू लवकर वाढतो, आणि नस इतकी खराब असेल तर क्वचित उरलेली मधली नजरही ऑपरेशननंतर जाऊ शकते.

आधी सहा आठवडे ड्रॉप्स नीट घालून बघायचं ठरलं. प्रेशर १९ वर आलं. घरी आनंद झाला, कारण २१ च्या आत आलं होतं. आमच्याही कागदावर तो आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसत होता. डॉक्टरांनी मात्र सांगितलं की निरोगी नसेला १९ चालतं, इतक्या वाळलेल्या नसेला नाही. तिला बाराच्या आसपास हवं.

मग ऑपरेशनवर घरात दोन बैठका झाल्या. दुसरीला मी होते. काकूंचे मोठे दीर म्हणाले, ‘एकच डोळा उरलाय. त्याला हात लावायचा नाही.’ त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. उरलेल्या एका डोळ्यावर सुरी चालवायची भीती कोणालाही वाटेल. डॉक्टरांनी पहिल्या भेटीतला नसेचा फोटो आणि आताचा फोटो शेजारी शेजारी पाठवले होते, ते मी मोबाईलवर मोठे करून दाखवले. नसेच्या मध्ये एक खोलगट वाटी असते. नस वाळत गेली की कड बारीक होते आणि वाटी मोठी. अकरा महिन्यांत वाटी जवळजवळ काठापर्यंत पसरली होती.

अर्धा तास सगळे बोलत होते आणि काकू चाळणीने भाजणी चाळत होत्या. मी त्यांना विचारलं, ‘काकू, तुम्हाला काय वाटतं?’ त्या म्हणाल्या, ‘ऑपरेशन केलं तर आत्ता दिसतो तेवढा तवा दिसत राहील का?’

‘तेवढाच राहावा म्हणून करायचं. जास्त दिसणार नाही.’

‘मग करा. मला तेवढा पुरतो.’

दीर आणखी काही बोलले नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी तेच सकाळी सहाला रिक्षा घेऊन दारात होते.

काय केलं

ऑपरेशनचे पहिले तीन आठवडे कठीण गेले. दिसणं गढूळ झालं, प्रेशर खूप खाली गेलं, आणि काकूंना वाटलं की होतं तेही गेलं. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं, पण ऐकलेलं असणं आणि सकाळी उठून नातीचा चेहरा न दिसणं यात फार अंतर आहे. चौथ्या आठवड्यापासून नजर सावरली. पुढे प्रेशर थोडं चढलं म्हणून रात्रीचं एक ड्रॉप परत सुरू झालं.

ते ड्रॉप रोज घातलं जाईल असं बघणं हे खरं काम होतं. मोबाईलचा गजर तीन दिवस चालला. मग सुनेने उपाय काढला. काकू रोज रात्री न चुकता दुधाला विरजण लावतात, तर ड्रॉपची बाटली विरजणाच्या वाटीत ठेवायची. बाटली उचलल्याशिवाय वाटी घेताच येत नाही. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर, सहा आठवड्यांनी बाटली बदलायची. काकूंचा हात थरथरतो आणि थेंब गालावर जायचा. म्हणून पलंगावर आडवं पडून, खालची पापणी ओढून एक थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. त्याने औषध नाकात फारसं उतरत नाही. पहिल्या भेटीत एवढं शिकवायला मला चार मिनिटं लागली असती.

घरातले बदल

मुलाने बाजारातून मोठं भिंग आणलं होतं. ते वापरलं की काकू जास्तच चिडायच्या, आणि कोणाला कारण कळत नव्हतं. ज्यांची मधली नजर गेली आहे त्यांना भिंग उपयोगी पडतं. काकूंची मधली नजर शाबूत, पण खिडकी चिमुकली. अक्षर मोठं केलं की त्या खिडकीत दोनच अक्षरं मावतात. त्यांना हवा होता भरपूर उजेड आणि रंगांतला फरक. भिंग कपाटात गेलं, आणि डाव्या खांद्यामागून येणारा एक वाकवता येणारा दिवा आला.

मी एक सकाळ त्यांच्या स्वयंपाकघरात काढली. ओटा काळ्या कडप्प्याचा, भांडी स्टीलची, दुपारी खिडकीतून ऊन आलं की सगळं एकसारखं चमकायचं. खिडकीला पडदा लावला. चहासाठी पांढरे कप ठेवले, म्हणजे चहाची पातळी वर चढताना दिसते. भाजणी निळ्या परातीत, पोहे लाल परातीत. गॅसच्या बटणांवर बंदच्या जागी रंगाचा जाड ठिपका लावला, बोटालाही कळेल असा. कढयांचे आणि तव्याचे दांडे भिंतीकडे. माजघरातून स्वयंपाकघरात उतरायच्या दोन पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी. ज्या वस्तूची जागा ठरली ती कोणी हलवायची नाही. हा नियम नातीने सगळ्यांत कडक पाळला. बाबांनी मिठाची बरणी सरकवली की ती ओरडायची.

बघण्याची पद्धतही शिकावी लागली. खोलीत शिरल्यावर दारातच थांबायचं, मान डावीकडून उजवीकडे हळू फिरवायची, मग जमिनीवर तशीच एक फेरी, आणि मगच पाऊल. सुरुवातीला काकूंना लाज वाटायची, ‘चोरासारखं काय बघायचं?’ पंधरा दिवसांत अंगवळणी पडलं.

पांढऱ्या काठीला मात्र ठाम नकार. ‘मला दिसतं. काठी घेतली तर लोक म्हणतील आंधळी झाली.’ मी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. चार महिन्यांनी संध्याकाळी दत्त मंदिरातून येताना एक स्कूटरवाला त्यांना खेटून गेला आणि वर ‘दिखता नहीं क्या’ असं ओरडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून काठी मागितली. अंधार पडल्यावर त्या ती घेतात, दिवसा घेत नाहीत. काठी रस्ता चाचपडायला लागते तितकीच समोरच्याला कळायलाही लागते.

ऑर्डरीचे पैसे नोटांत यायचे आणि घाईत चुका व्हायच्या. नव्या नोटांच्या दोन्ही कडांना उठावदार तिरप्या रेघा असतात : शंभराला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन छोटी वर्तुळं, पाचशेला पाच. नोट जुनी झाली की रेघा झिजतात, त्यामुळे फक्त बोटांवर भरवसा ठेवता येत नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं मोफत ॲप आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की आकडा बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही. काकू ते फार वापरत नाहीत. त्यांनी तीन कप्प्यांचा बटवा शिवून घेतला.

प्रमाणपत्र

दिव्यांग हे नाव लावून घ्यायला काकू सहा महिने तयार नव्हत्या. तयार झाल्या तेव्हा खिडकीवरच्या माणसाने ६/९ वाचलं आणि ‘इनको तो दिखता है’ म्हणून कागद परत केले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अल्पदृष्टीचे दोन निकष आहेत. एक तक्त्यावरच्या नजरेचा, आणि दुसरा नजरेच्या क्षेत्राचा, ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत. दोन्हींपैकी एक पुरतो. पहिल्या अर्जाला फील्ड टेस्ट जोडायचं आमच्याकडूनच राहिलं होतं. दुसऱ्यांदा ती वर ठेवली, डॉक्टरांनी क्षेत्र शब्दांत लिहून दिलं, आणि वैद्यकीय मंडळाकडून चाळीस टक्क्यांच्या वरचं प्रमाणपत्र आणि पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळालं. आई त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे जुन्या कर पद्धतीत मुलाला आयकरात वजावट मिळते. काचबिंदूच्या रुग्णांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी : तक्ता वाचता येतो म्हणून अर्ज सोडून देऊ नका, फील्ड टेस्टचा कागद सोबत न्या.

आजची स्थिती

ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली. डाव्या डोळ्याचं प्रेशर ११ ते १३ च्या दरम्यान आहे, आणि शेवटच्या तिन्ही फील्ड टेस्ट एकमेकींवर ठेवल्या तर सारख्याच दिसतात. उजवा डोळा गेला. चकली-चिरोट्यांचं तळण सुनेकडे आलं. काकू मेतकूट, भाजणी, चटण्या करतात. ऑर्डरी निम्म्यावर आल्या आहेत. रात्री त्या एकट्या बाहेर पडत नाहीत, रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे जाणं कायमचं बंद. हळदीकुंकवाची मैत्रीण खरं कळल्यावर घरी येऊन रडली. त्या दोघींचं आता पूर्वीपेक्षा जास्त जमतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या दिवशी ‘माताजी, घर में कौन-सी भाषा बोलते हैं?’ एवढा एक प्रश्न पुरला असता. आता मी तो प्रत्येकाला विचारते, आणि निदानाचं नाव मराठी-हिंदी दोन्हींत चिठ्ठीवर लिहून देते : ‘काचबिंदू, म्हणजेच काला मोतिया. हा मोतीबिंदू नाही. हा पिकत नाही.’ दम्याचं नाव घेत नाही. ‘थंडीत धाप लागते का, पंप घेता का, रात्री उठून बसावं लागतं का’ असं विचारते. आणि रुग्ण उठायच्या आधी एक विनंती करते, ‘घरी गेल्यावर काय सांगाल ते मला सांगून दाखवा.’ काकूंच्या मुलाने त्या दिवशी मान हलवली तेव्हा हे विचारलं असतं, तर ‘मोतिया पिकला की ऑपरेशन’ हे उत्तर मला तिथेच मिळालं असतं.

न आलेल्या काचबिंदूच्या रुग्णांना आता दर शुक्रवारी फोन जातो. हे काम मी मागून घेतलं आहे.

घरातले बदल ऑपरेशननंतर करायचे असं मी धरलं होतं, तेही चुकलं. दुसऱ्या भेटीनंतर लगेच पिवळी पट्टी लावली असती तर ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात काकू त्या दोन पायऱ्यांवरून पडल्या नसत्या. नजर वाचवणं आणि उरलेल्या नजरेत जगणं शिकणं या दोन गोष्टी एकाच दिवशी सुरू करता येतात.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं, हा समज मला सगळ्यात जास्त सलतो. चाळिशीनंतर, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल किंवा कोणी ‘म्हातारपणी आंधळं’ झालं असेल तर त्याहूनही आधी, प्रेशर आणि नस दोन्ही बघून घ्यायला हवी. नुसतं प्रेशर पुरत नाही, कारण काहींची नस नॉर्मल प्रेशरलाही वाळते.

सख्ख्या भावंडांना आणि मुलांना हा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून काकूंच्या घरच्यांची तपासणी मी लावून धरली. मुलाचं प्रेशर ठीक आहे, पण नसेतली वाटी जरा मोठी आहे; तो वर्षातून एकदा येतो. उज्जैनच्या धाकट्या बहिणीला सुरुवातीचा काचबिंदू निघाला. तिचं फील्ड अजून जवळजवळ पूर्ण आहे आणि ड्रॉप चालू आहे.

देवासचे भाऊ मात्र दोन वर्षं टाळत होते, ‘मला सगळं नीट दिसतं’ म्हणून. या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर काकूंनी ताट खाली ठेवलंच नाही. भावाने पाकीट पुढे केलं ते त्यांनी परत केलं आणि आमच्या रुग्णालयाचं कार्ड ताटात ठेवलं. ‘मला ओवाळणीत हे हवं.’ भाऊ ‘बघू’ म्हणाले. मी गुरुवारची सकाळची पहिली वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.